हस्त कोरडा गेला तर गवत कुणासाठी राखायचं?

खानदेशात पावसाळ्याचा हिशेब हस्तावर मिटतो. मृगात पेरणी साधली, श्रावणात कपाशी तरारली, तरी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत हत्तीचा पाऊस फिरकला नाही तर रब्बीचं काय होतं, हे असोदा, भादली, नशिराबादच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. हरभरा पेरायचा की नाही, दादर ज्वारी उगवेल का, विहीर वांग्याला कुठवर पुरेल, याच्या चर्चा त्या पंधरवड्यात पारावर चालू असतात. त्याच पंधरवड्यात आणखी एक गोष्ट कायमची ठरते आणि तिची चर्चा सहसा होत नाही. माळावरचं, नाल्याकाठचं, डोंगरउतारावरचं गवत वाढायचं थांबतं. त्या दिवशी जेवढं गवत उभं आहे तेवढ्यावर पुढचा जून गाठायचा असतो, म्हणजे जवळपास आठ महिने. गावची गाय, ठेलाऱ्याची मेंढी, काळवीट, चिंकारा, नीलगाय, ससा हे सगळे त्या एकाच साठ्याचे वाटेकरी असतात. साठा अपुरा पडला की गोठ्यातलं जनावर दावणीला हंबरतं, आणि रानातलं जनावर हरभऱ्यात उतरतं. कोरड्या वर्षात वन्यप्राण्यांसाठी काही करायचं ठरलं की लोकांच्या मनात आधी येतं ते त्यांच्यासाठी काहीतरी पेरण्याचं. माझं म्हणणं असं, की खानदेशात पेरण्यापेक्षा राखणं महत्त्वाचं आहे आणि राखायचा निर्णय हस्त संपायच्या आत व्हायला हवा.

पेरण्याची कल्पना मुळात शिकारीच्या जमिनीवरून आलेली आहे. अमेरिकेत शिकारीसाठी राखलेल्या खासगी जमिनी असतात. तिथले मालक उन्हाळ्याच्या शेवटी जंगलाच्या कडेला लहान तुकडे नांगरून क्लोव्हर, ओट, राय, सलगम अशी पिकं घेतात, म्हणजे हरणं त्या तुकड्यांवर येतात, धष्टपुष्ट होतात आणि हंगामात बंदुकीच्या टप्प्यात सापडतात. शरद ऋतू कोरडा गेला की हे तुकडे करपतात आणि मालकांची धावपळ सुरू होते. आपल्याकडे अशी जमीन आता नाही. पूर्वी मात्र शिकारीची आणि त्यासाठी रान राखण्याची रीत इथंही होती. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली ती वाघाच्या शिकारीला निघालेल्या एका अधिकाऱ्यामुळं. १८२५ नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीच जास्त गाजला. कोल्हापूर संस्थानचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं. भावनगरच्या महाराजांनी गवतासाठी आणि काळविटांसाठी राखलेली वेळावदरची वीडी १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विनापरवाना शिकार हा गुन्हा ठरला. या इतिहासातलं वेळावदर मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथं हरणांसाठी पीक घेतलेलं नव्हतं, गवत राखलेलं होतं. सौराष्ट्रासारख्या, आपल्याहूनही कमी भरवशाच्या पावसाच्या मुलखात काळवीट टिकलं ते त्या राखलेल्या गवतावर.

आता पेरण्याचा मुद्दा तपासू. वनहद्दीत किंवा गायरानात मका, ज्वारी, बरसीम पेरावं म्हणजे जनावरं शेतात येणार नाहीत, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. ऐकायला ती माणुसकीची वाटते. पण ओलीचा हिशेब मांडला की ती टिकत नाही. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत मीटरभर थरात पिकाला घेता येईल अशी साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल साठते. म्हणूनच चोपडा-अमळनेरकडची दादर पाण्याची पाळी न देता, निव्वळ त्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर उभी राहते. पण अशी जमीन केव्हाच नांगराखाली गेली आहे. वन्यप्राण्यांच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे मुरमाड माळ, वीतभर मातीखाली खडक, नाहीतर तापी-पूर्णेच्या काठचे घळींनी चिरलेले उतार. हस्त कोरडा गेला की ही जमीन दहा-बारा दिवसांत वाळून जाते. तिथं ऑक्टोबरमध्ये टाकलेलं बी उगवलं तर वीतभर वाढून पिवळं पडतं.

त्या पिवळ्या पडलेल्या ज्वारीत आणखी एक धोका असतो, तो पशुपालकांना पक्का ठाऊक आहे. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चघळलं गेलं, मोडलं किंवा सुकलं, की त्यातून सायनाइड सुटतं. पाऊस ओढ देतो तेव्हा वाढ खुंटलेल्या ताटात हे द्रव्य अधिक साठतं. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेले धुमारे तर त्याहून वाईट. जनावराला किराळ लागते म्हणतात ती हीच विषबाधा: तोंडाला फेस, धाप, तडफड, आणि भरपूर खाल्लं असेल तर घटका-दोन घटकांत मृत्यू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू हे विष लवकर मोकळं करतात, त्यामुळं गाय-म्हैस-शेळीला ते डुकरापेक्षा जास्त बाधतं. ज्वारी फुलोऱ्यात आली की प्रमाण उतरतं, कडबा नीट वाळला की आणखी उतरतं, म्हणून जाणता शेतकरी गुडघ्याएवढ्या, तहानलेल्या ज्वारीत बैल सोडत नाही. रानातल्या जनावराला अडवायला तिथं कुणी नसतं. कोरड्या वर्षी माळावर चाऱ्याची ज्वारी पेरणं म्हणजे नेमकी धोक्याच्या अवस्थेतली ज्वारी त्यांच्यापुढं ठेवणं होईल.

मक्याचा किंवा धान्याचा तुकडा उगवला आणि तगला, तर त्याचा पहिला लाभार्थी रानडुक्कर. चार महिन्यांच्या गर्भकाळात एका वेताला चार-सहा, कधी त्याहून जास्त पिलं देणारा हा प्राणी. वाढीव धान्य मिळालं की त्याच्या माद्या लवकर माजावर येतात आणि जास्त पिलं जगतात. स्वित्झर्लंडच्या थुरगाऊ परगण्यात रानडुकरांच्या पीकनुकसानीचा काटेकोर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जंगलात मुद्दाम खाद्य टाकून डुकरांना शेतापासून लांब ठेवण्याचा काही उपयोग दिसला नाही, विजेच्या कुंपणाचाही एकूण नुकसानीवर परिणाम दिसला नाही, नुकसान घटलं ते शिकारीमुळं. या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग माझ्या म्हणण्याच्या आड येतो, त्याकडं पुढं येतोच. पहिला अर्धा भाग मात्र पुरेसा बोलका आहे: धान्य घालून डुकराला शेतापासून तोडता येत नाही.

गवताचं काम वेगळ्या रीतीनं चालतं. पवना, मारवेल ही बहुवर्षायू गवतं पावसाळ्यात पानांत जे अन्न तयार करतात त्यातला एक वाटा फुलोऱ्यानंतर बुंध्यात आणि मुळांत उतरवतात. पुढल्या जूनच्या पहिल्या सरीला जी हिरवी सुई वर येते ती याच साठ्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत जमिनीलगत खरडलं गेलं, तर साठा भरायच्या आतच कारखाना बंद पडतो. असं दोन-तीन वर्षं झालं की मारवेल विरळ होतं, त्याच्या जागी कुसळी पसरते, आणि तिची कुसळं मेंढीच्या ओठांत, डोळ्यांत, लोकरीत रुततात. त्याहून पुढं गेलं तर माती उघडी पडते. दुसरी बाब पोषणाची. हिरव्या, फुलोऱ्यातल्या गवतात सात ते नऊ टक्के प्रथिनं असतात, पण बी गळून गवत वाळलं की ती तीन-चार टक्क्यांवर येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या जंतूंना काम चालू ठेवायला चाऱ्यात सुमारे सात टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली चारा पचायला वेळ लागतो, पोट भरलेलं राहतं पण अंगी लागत नाही, आणि जनावर खातंच कमी. म्हणून फेब्रुवारीनंतर नुसतं वाळलं गवत पुरत नाही. त्याला जोड लागते ती झाडपाल्याची आणि शेंगांची: पौष-माघातली बोरं, चैत्रातली महूची फुलं, उन्हाळ्यातल्या बाभूळ-हिवराच्या शेंगा. कुणी न पेरलेले खाद्याचे तुकडे ते हेच. दुष्काळ त्यांचं फारसं बिघडवत नाही, कारण बोर-बाभळीची मुळं हस्ताच्या पावसावर अवलंबून नसतात. आपण मात्र बांध कोरून आणि बांधावरची झाडं तोडून ते एकेक करून घालवले.

थोडा हिशेब मांडला तर प्रश्नाचा आकार कळतो. बऱ्यापैकी राखलेल्या माळावर चांगल्या वर्षी हेक्टरी दोन टन वाळलं गवत येतं असं धरू. पस्तीस किलोच्या काळविटाला दिवसाला एक किलोच्या आत-बाहेर चारा लागतो, म्हणजे आठ महिन्यांना दोनशे किलोच्या आसपास. दीड-पावणेदोन क्विंटलच्या नीलगाईला आठ-नऊशे किलो, तेही तिनं फक्त गवतच खाल्लं तर. ती झाडपालाही पुष्कळ खाते. तीनशे किलोच्या गावठी गाईला दीड टनाच्या वर. आता दोन टनांतलं अर्धं कापलं किंवा चारलं आणि अर्धं उभं ठेवलं, तर त्या एका टनावर पाच काळविटं किंवा एक नीलगाय उन्हाळा काढते. शंभर मेंढ्यांचा वाडा तोच एक टन दहा दिवसांत संपवतो. हस्त कोरडा गेलेल्या वर्षी दोन टनांऐवजी सव्वा टनच गवत आलं, तर शहाणपण असं सांगतं की उभं ठेवायचा टन तसाच ठेवावा आणि कापायचा वाटा पाव टनावर आणावा. प्रत्यक्षात उलटं होतं. चाऱ्याचे भाव चढतात, लिलावात घेतलेलं कुरण बुडख्यापर्यंत कापलं जातं, गायरानात परगावचे कळप शिरतात. ज्या वर्षी रानात गवत राहायला हवं त्याच वर्षी ते सगळ्यात आधी संपतं.

आणि मग शिवारात काय चित्र असतं? भोवताली सगळं करपलेलं, आणि मधोमध विहिरीच्या पाण्यावरची हिरवी शेतं. असोदा-बामणोद पट्ट्यातलं भरताचं वांगं ही जळगावची ओळख आहे. २०१६ मध्ये त्याला केळीबरोबर भौगोलिक मानांकनही मिळालं. वांग्याचे, मक्याचे, हरभऱ्याचे, केळीचे हे तुकडे, कोरड्या नोव्हेंबरात दहा-दहा मैलांत एवढीच काय ती हिरवाई असते. उपाशी प्राणी तिकडं वळणार, याला शेतकऱ्याचा दोष नाही आणि प्राण्याचाही नाही. इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे: पोट भरलेलं हरीणसुद्धा कोवळा हरभरा समोर दिसला तर सोडत नाही. वाळलं गवत आणि हरभऱ्याचा कोंब यांच्या पोषणात मोठं अंतर आहे आणि प्राण्याला ते कळतं. गवत राखलं म्हणजे शेतात कुणी येणारच नाही, असा दावा मी करणार नाही. गवत गरज कमी करतं, आवड कमी करत नाही. म्हणून हिरव्या पिकाला कुंपण लागेलच, आणि सौर झटका मशीन हा त्यातला आजच्या घडीला पटणारा मार्ग आहे. थेट वीजवाहिनीवरून तारेत सोडलेला प्रवाह आणि गावठी बॉम्ब हे दोन्ही बेकायदा तर आहेतच, शिवाय शेजारच्या बैलाचा आणि पहाटे पाणी भरायला निघालेल्या माणसाचा जीव घेतात.

मात्र गवताविना कुंपण अपुरं आहे. एका शेताला झटका मशीन बसलं की कळप शेजारच्या शेतात जातो, तिथं बसलं की पुढच्या. ज्याच्याकडं मशीनला पैसे नाहीत त्याच्या कोरडवाहू तुरीवर शेवटी सगळा भार येतो. भुकेला प्राणी झटका खाऊनही आत घुसतो, पोटात काही असलेला प्राणी एक झटका बसला की फिरतो. बाहेर चरायला काही असेल तरच कुंपण काम करतं. थुरगाऊमध्ये कुंपणाचा एकूण नुकसानीवर परिणाम दिसला नाही, त्याचंही एक कारण मला यातच दिसतं: कुंपणानं नुकसान हलतं, ते कमी व्हायला पर्यायी जागा लागते.

यावर शेतकऱ्याचा रोकडा प्रश्न असा, की गवत राखलं तर जनावरं वाढतील, मग आज जी दहा येतात ती उद्या पंचवीस येतील. प्रश्न रास्त आहे. पण प्राण्यांची संख्या वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात काय मिळतं त्यावर ठरते, आणि खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये आज त्यांना जगवतात ती बागायती शेतं. म्हणजे संख्या वाढवण्याचं काम आपण सिंचनानं आधीच केलेलं आहे. वाळलं गवत निकृष्ट खाद्य आहे. त्यावर जनावर तगतं, जुळी-तिळी वाढवण्याइतकं माजत नाही. धान्याच्या तुकड्याशी त्याची तुलना करता येत नाही. शिवाय उंच गवत असलेल्या माळावर कोल्हा, लांडगा टिकतो, आणि लांडगा हा पिलांच्या संख्येवर अंकुश ठेवणारा या मुलखातला जुना शिकारी आहे. सपाट खरडलेल्या माळावर त्याला आडोसा नसतो. रानडुकराचा प्रश्न गवतानं सुटत नाही, हे मी मान्य करतो. त्याला दुसरा उपाय लागेल.

तो दुसरा उपाय म्हणजे शिकार, असं अनेकजण म्हणतात, आणि थुरगाऊचा निष्कर्ष त्यांच्या बाजूचा आहे. कायद्यातही त्याला वाट आहे: उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुक्कर, नीलगाय अशा प्राण्यांना मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतो, आणि महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. काळवीट आणि चिंकारा यांना मात्र कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. डुकराच्या बाबतीत, परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या माणसाकडून मर्यादित शिकार व्हावी याला माझा विरोध नाही. पण स्वित्झर्लंडमधली शिकार म्हणजे परवानाधारक, प्रशिक्षित शिकाऱ्यांची वर्षानुवर्षं चाललेली शिस्तबद्ध व्यवस्था. आपल्याकडं शिकार म्हणजे बाहेरून आणलेला नेमबाज आणि चार रात्री. २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात अशा मोहिमेत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या आणि देशभर गदारोळ झाला. ज्या कारणानं प्राणी शेतात येतो ते कारण तसंच ठेवून कळप मारला, तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचा कळप येतो. बंदूक वापरायचीच असेल तर ती माळ सुधारल्यानंतर, उरलेल्या डुकरांसाठी.

सगळ्यात कठीण आक्षेप वेगळाच आहे आणि तो मेंढपाळांचा आहे. धुळे-साक्रीचे ठेलारी, जळगावात गाई घेऊन फिरणारे काठेवाडी, गावातले दोन शेळ्यांवर घर चालवणारे भूमिहीन यांनी विचारावं की हरणासाठी गवत राखायचं तर आमच्या कळपानं काय खायचं? वनसंरक्षणाच्या नावाखाली या लोकांना हुसकून लावण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो अन्यायाचा आहे. म्हणूनच मला धुळे तालुक्यातल्या लामकानीचं उदाहरण मोलाचं वाटतं. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकारानं तिथल्या गावकऱ्यांनी गावाभोवतीच्या शेकडो हेक्टर उघड्या डोंगरउतारांवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. खडकाळ उतारांवर गवत परतलं, पाणी मुरायला लागलं, आणि गवत कापून नेण्याची सोय झाल्यानं चारा गावाच्याच गोठ्यात पोचला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी असेच नियम पाळून जंगल उभं केलं, त्या कामासाठी पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हीकडचा धडा सारखा आहे: राखलेल्या रानातून निघणारा एकूण चारा मोकाट चराईच्या रानापेक्षा जास्त असतो, म्हणून त्यातला एक वाटा रानातल्या जनावराला देऊनही गावचा वाटा घटत नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं तोटा असतो, आणि तो तोटा ज्याच्याकडं स्वतःचा बांध नाही त्याच्या माथी पडतो. फिरत्या कळपवाल्याला गवत कापून डोक्यावरून नेणं जमत नाही. त्याला बी गळून गेल्यावर, साधारण कार्तिक संपता-संपता, ठरावीक दिवस आणि ठरावीक पट्टा चरायला मिळाला पाहिजे. त्या वेळी चराई गवताला मारत नाही, खुरांनी बी मातीत दाबलं जातं आणि लेंड्यांचं खत पडतं. कपाशी निघालेल्या शेतात पैसे किंवा धान्य देऊन मेंढ्या बसवण्याची आपली जुनी रीत आहेच. बोंडअळी टाळण्यासाठी फरदड न घेता डिसेंबरात कपाशी मोकळी करा असं कृषी विभाग सांगतो, तेव्हा कळपांना मोकळी शिवारंही मिळू शकतात. ठेलारी गवताचा वैरी नाही. तो नेमका कधी येतो हे महत्त्वाचं, आणि ते गावानं त्याच्याशी बोलूनच ठरवायला हवं.

जमीन आहे कुठं, असंही विचारलं जाईल, आणि असोद्यासारख्या गावाच्या बाबतीत हा प्रश्न खरा आहे. बहिणाबाई चौधरींच्या या माहेरगावी इंच-इंच काळी जमीन पिकाखाली आहे. अशा गावात माळ शोधायला जाऊ नये, पट्टे शोधावेत: नाल्याचे काठ, पाटचाऱ्यांच्या कडा, शिवरस्ते, रुंद बांध, उरलंसुरलं गायरान. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनींबाबत कडक निकाल दिला आणि त्याच वर्षी राज्य शासनानं गायरान इतर कामांसाठी देण्यावर बंधनं घातली, पण कागदावर वाचलेलं गायरान जमिनीवर वाचलंच असं नाही. मोठी कुरणं आहेत ती तापीच्या घळींत, जामनेर-पाचोऱ्याकडच्या माळांवर, चाळीसगावच्या गौताळा-औट्रमघाट परिसरात, धुळ्याजवळच्या लळिंगला. त्यांच्यावर दुसरं संकट चांगल्या हेतूनं येतं. उघडा माळ दिसला की तो पडीक समजून त्यावर चर खणून दाटीनं झाडं लावली जातात. गवताचा माळ हा पूर्ण वाढलेला अधिवास आहे, तो अपुरं राहिलेलं जंगल नव्हे. तिथं एकरी शेकडो खड्डे खणले की मारवेलची मुळं उखडतात, चारा जातो, आणि मुरमात लावलेली रोपं बहुतेक करून तिसऱ्या उन्हाळ्याला मान टाकतात. माळावर झाड हवं असेल तर तुरळक बोर, हिवर, बाभूळ एवढंच.

पाण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याकडं लक्ष आधीच पुष्कळ आहे. पाणवठे बांधणं सोपं, फोटो काढायला चांगलं, त्यामुळं उन्हाळ्यात टँकरनं पाणी सोडण्याची मोहीम दरवर्षी होते. पण भोवती चारा नसलेला पाणवठा प्राण्यांना एका जागी गोळा करतो, उरलंसुरलं गवत तिथं तुडवलं जातं, साचलेल्या पाण्यातून रोग पसरतात. चिंकारा चाऱ्यातल्या ओलीवर दीर्घकाळ काढू शकतो, काळविटाला उन्हाळ्यात पाणी लागतंच. पाणवठा जिथं गवत राखलेलं आहे तिथंच आणि शेतांपासून लांब हवा.

शासनाच्या दुष्काळी कामाची रीतही यात तपासली पाहिजे. २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात जळगाव जिल्ह्यातले बहुतेक तालुके होते. २०२३ मध्ये, देशातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेल्यावर, त्याच तारखेला ४० तालुके जाहीर झाले आणि त्यांत चाळीसगाव, शिंदखेडा, नंदुरबार होते. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफी, टँकर या गोष्टी त्या निर्णयाबरोबर येतात. त्या गरजेच्या आहेत. पण ३१ ऑक्टोबर ही तारीख गवताच्या दृष्टीनं महिनाभर उशिरा येते. तोवर कुरण कापून झालेलं असतं. गवताला दुष्काळाच्या घोषणेची वाट पाहता येत नाही.

गावाच्या हातात मात्र एक तारीख आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा हस्त नक्षत्र चालू असतानाच भरते. पाऊस आलेला आहे की नाही हे त्या दिवशी डोळ्यांना दिसत असतं. त्या सभेत चार गोष्टी ठरू शकतात आणि वनविभागाच्या कुरणाला लागून गाव असेल तर वनरक्षकाला बोलावून ठरू शकतात. कोणते पट्टे या वर्षी अजिबात कापायचे नाहीत. उरलेले कधी कापायचे: कोरड्या वर्षी बी पिकायची वाट न पाहता फुलोऱ्यातच, कारण त्या गवताची वैरण सकस होते, आणि बुडखा चार-पाच बोटं उंच ठेवून. बी धरायला सोडलेले पट्टे वेगळे. फिरते कळप कोणत्या आठवड्यात, कुठून कुठवर येणार, आणि त्या बदल्यात कुणाच्या शेतात बसणार. आणि उभ्या ठेवलेल्या वाळल्या गवताला आग लागू नये म्हणून जाळरेषा कुणी काढायच्या. वणव्याचा हंगाम वनविभाग १५ फेब्रुवारीपासून धरतो, पण हस्त कोरडा गेलेल्या वर्षी माळ जानेवारीतच पेट घेण्याजोगा होतो, तेव्हा जाळरेषांचं काम संक्रांतीच्या आत उरकलेलं असावं.